पाच पेपर आणि भज्यांचा डाग

मित्रांनो, माझ्या अंगाला अजून भज्यांच्या तेलाचा वास येतो. मी भिंगारच्या एका सार्वजनिक वाचनालयातला वर्तमानपत्रांचा लाकडी स्टँड आहे. माझे काम खाण्याशी नाही, वाचण्याशी आहे. पण गेल्या महिन्यात जे झाले, त्यानंतर हेही मुद्दाम सांगावे लागते.

सहादेव सुताराने मला लष्कराच्या लिलावातल्या सागवानी खोक्यांपासून घडवले. दोन्ही बाजूंना उतार दिला, पेपर दाबून धरायला लोखंडी पट्टी बसवली आणि कुणी पेपर पळवू नये म्हणून पट्टीला कुलूप लावले. एकाहत्तरच्या युद्धात माझ्यापुढे सकाळी सातपासून रांग लागायची. भिंगार हे छावणीचे गाव, जवळजवळ प्रत्येक घरातले कुणीतरी सीमेवर होते. बायका पेपरातल्या जखमी-मृतांच्या याद्यांवर बोट ठेवून एकेक नाव करत खाली यायच्या. एकदा एका पेपराने जखमीचे नाव मृतांत छापले, तेव्हा संपादक स्वतः सायकलवरून त्या घरी गेले आणि उंबऱ्याबाहेर हात जोडून उभे राहिले. असे पेपर अंगावर वागवताना मला फार अभिमान वाटे.

पुढे मोबाईल आले आणि गर्दी आटली. माझे पॉलिश गेले, पट्टी गंजली. तरी अलीकडे लंकाबाई मात्र रोज साडेदहाला येतात. त्या तिसगावच्या, सध्या लेकीकडे भिंगारला राहतात. त्यांचा मुलगा अंगद सुप्याच्या एका कारखान्यात वेल्डर होता. परदेशात गोदामात काम आहे असे सांगून एका एजंटाने त्याला नेले आणि तिथे पोचल्यावर त्याच्या अंगावर लष्करी गणवेश चढवला गेला. त्या देशात युद्ध चालू आहे. देशाचे नाव मी घेत नाही, लढणारे देश सध्या पुष्कळ आहेत. चार महिने झाले, अंगदचा फोन नाही. लंकाबाईंना वाचता येत नाही, म्हणून आमच्या ग्रंथपाल निवेदिताताई त्यांना युद्धाच्या बातम्या वाचून दाखवतात.

आणि त्याच देशाचे वाणिज्यदूत, म्हणजे तिकडच्या सरकारचे मुंबईतले मोठे अधिकारी, 'मैत्री संवादा'साठी आमच्या सभागृहात आले! मला कोपऱ्यात ढकलले. माझ्या एका उतारावर पत्रकारांना वाटायची छापील प्रेसनोट ठेवली. मी वाचनालयातला, अक्षर दिसले की वाचणारच. पाहुण्यांनी भुईकोट किल्ला पाहून आनंद व्यक्त केला आणि उपस्थितांच्या सर्व प्रश्नांना समाधानकारक उत्तरे दिली, असे तिच्यात लिहिले होते. तेव्हा पाहुण्यांची गाडी अजून वाटेवरच्या सुप्यातही पोचली नव्हती!

पाहुणे तास-दीड तास उशिरा आले. किल्ला पाहायचा राहिलाच. त्यांनी "राम राम मंडळी" म्हटले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मग पत्रकारांचे प्रश्न सुरू झाले. आमचा जिल्हा कसा वाटला? ठेचा तिखट लागला का? युद्धाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. प्रत्येकाच्या मांडीवर भेटीची पिशवी होती, आत चॉकलेटे आणि लोकरीची टोपी. आमच्या उन्हात लोकरीची टोपी! आणि लोक ती घालून फोटो काढत होते.

तेवढ्यात लंकाबाई अंगदचा फोटो घेऊन उभ्या राहिल्या. "सायेब, माजं पोरगं तुमच्या मुलखात हाय. चार म्हैनं झालं, आवाज न्हाई त्याचा. त्यो कुटं हाय, येवढंच सांगा."

दुभाष्याने पाहुण्यांच्या कानात काहीतरी सांगितले. पाहुणे गोड हसले, "थँक यू" म्हणाले आणि घड्याळाकडे पाहू लागले. पहिल्या रांगेतला वाल्मिक उठला. तो एका पेपराचा बातमीदार, मूळचा तिसगावचाच.

"मावशी, बसा की खाली. पाव्हन्यांसमोर आपली शोभा करता का?"

"आरं, तू तर वळखतूस अंगदला. तू तरी इचार."

वाल्मिकने हातातली भज्यांची प्लेट माझ्या उतारावर टेकवली आणि तो पाहुण्यांबरोबर फोटो काढायला धावला. प्लेट घसरली आणि तेल माझ्या अंगभर पसरले.

दुसऱ्या दिवशी माझ्यावर पाच पेपर लागले. एकात पाहुणे भाकरीवर फिदा झाले होते, दुसऱ्यात त्यांनी जिल्ह्याची मने जिंकली होती. मथळे वेगळे, खाली मजकूर मात्र पाचही ठिकाणी तोच, प्रेसनोटमधला. न पाहिलेला किल्लासुद्धा पाचही पेपरांत पाहून झाला होता. मला शिसारी आली.

निवेदिताताईंनी खालच्या आवाजात वाचून दाखवले. शेवटच्या वाक्याला लंकाबाईंनी त्यांना थांबवले.

"समद्या प्रश्नांची उत्तरं दिली, आसं छापलंय?"

"हो, मावशी."

"मंग माजं उत्तर वाचा की."

तेवढ्यात वाल्मिक आपल्या बातमीचा फोटो काढायला आला. लंकाबाईंनी त्या ओळीवर बोट ठेवले, अगदी एकाहत्तरातल्या बायकांसारखे. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट आशा होती, आणि तेच मला सहन होईना.

"वाल्मिक, पेपरात आलंय म्हंजी त्यो बोलला आसंल. विंग्रजीत बोलला, मला कळलं न्हाई. काय म्हनला रं? जित्ता हाय ना अंगद?"

वाल्मिकचा मोबाईल खाली आला. "मावशी, ते... नोटमधी तसंच हुतं."

निवेदिताताई टेबलाशी गेल्या आणि एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहू लागल्या. मग त्यांनी माझे कुलूप उघडले, तो कागद पाच पेपरांच्या वर ठेवला आणि पट्टी पुन्हा बंद केली.

"ताई, काढा ते," वाल्मिक म्हणाला. "आमची बदनामी हुईल."

"उत्तर आणा, लगेच काढते," ताई म्हणाल्या आणि त्यांनी किल्ली पर्समध्ये टाकली.

मित्रांनो, मला पॉलिश नको, नवी पट्टीही नको. हा डागही पुसू नका, असू दे. एवढेच करा, कधी भिंगारला आलात तर माझ्यापुढे उभे राहून तो कागद वाचा. त्यावर लिहिले आहे: 'तिसगावच्या लंकाबाईंनी काल या सभागृहात विचारले, माझा अंगद कुठे आहे? त्यांना उत्तर मिळाले नाही.' माझ्यावर त्या दिवशी सहा बातम्या होत्या, त्यांतली ही एकच खरी होती.