खडूची रेघ

"थांब, चुकेल तुझं. आण इकडे."

आईचा हा आवाज मी सात वर्षांची असताना ऐकला. तेव्हापासून तो कानातल्या बाळीसारखा अंगावरच राहिला.

आई घरी शिवणकाम करायची. तिच्या चिंध्यांतून मी बाहुलीचा झगा शिवायचे, बाही जोडायचे, शाळेत जायचे. परत येऊन बघावं, तर बाही उसवून पुन्हा जोडलेली. टाके आईचे, मुंग्यांच्या रांगेसारखे. पुढे निबंधांचं तसंच झालं, चित्रांचंही तसंच. शाबासकी मिळाली की ती आईची वाटायची. ओरडा बसला तर तोही दुसऱ्याच कुणाचा. मधे मी नुसती उभी.

आता चाळिशी उलटली. शिंप्याच्या दुकानात बावीस वर्षं काजं करतेय, बटणं लावतेय. कापड मात्र बेतत नाही. शिवण उसवता येते, पण कापलं की कापलं.

दुकानाच्या मास्तरांची नजर अधू झालीय. काल दुपारी त्यांनी कोटाचं कापड पुढ्यात टाकलं.

"हा कोट बेतून आण. सोमवारपासून कात्री तुझी."

"मला नाही जमायचं, मास्तर."

"अगं, कात्री आहे ती, साप नाही! तू नाही म्हणालीस तर बाहेरून माणूस आणावा लागेल. मग दोघांना ठेवणं मला झेपायचं नाही, सांगून ठेवतो."

कापड काखेत मारून घरी आले. भीती नव्हती, वाईटही वाटत नव्हतं. पाय चालत होते, एवढंच.

आज सकाळी कापड टेबलावर पसरलं. मापांची चिठ्ठी ठेवली आणि आईच्या हातात खडू दिला.

"आखून दे गं."

आईचा हात हल्ली थरथरतो. रेघ खांद्यापाशी भलतीकडेच वळली. तिनं ती पुसली, पुन्हा ओढली. पुन्हा तेच. मग तिनं खडू माझ्याकडे सरकवला.

"तूच आख."

"चुकेल माझं."

आईनं चमकून वर पाहिलं. मग नखातला खडू काढत बसली. शेवटी मीच वाकले. माप धरलं, खूण केली, रेघ ओढली. गळ्यापासून खांद्यापर्यंत, खांद्यापासून काखेपर्यंत. रेघ नीट आली होती. ती माझी आहे असं मात्र वाटेना. सवयीनं मी पुसायला फडकं उचललं.

आईनं माझं मनगट धरलं.

"पुसू नकोस."

"वाकडी असेल."

"नाहीये." तिनं फडकं काढून घेतलं. "तुझ्या बाहुलीच्या बाह्याही वाकड्या नव्हत्या. एकही नव्हती. मी उगाच उसवायचे. तुला येतंय हे तुला कळलं असतं, तर माझ्यापाशी बसायला कशाला आली असतीस तू?"