हूबची फळी

मित्रांनो, मी एक जुना लष्करी ट्रक आहे, असं सगळे म्हणतात. जुना आहे, हे खरं. लष्करी म्हणाल तर अर्धंच खरं. माझ्या दारावरचा हा दोस्त सैन्याचा पांढरा तारा गेल्या वर्षीचा आहे. त्याच्याखाली ज्या पलटणीचं चिन्ह रंगवलंय, तिच्यातला एकही शिपाई माझ्यात कधी बसला नाही. बंदुकीचा आवाज मी जन्मात ऐकलेला नाही. माझं खरं आयुष्य ज्या फळीवर लिहिलं होतं ती फळी शेगडीत गेली, आणि मला मात्र दुसऱ्याच्या पराक्रमाचे कपडे चढवून मिरवतात.

माझा जन्म कॅनडातला. सुटे भाग पेट्यांत भरून मला जहाजावर चढवलं. हॉलंडला येऊन पेट्या उघडून मला जोडेपर्यंत दुसरं महायुद्ध संपलंसुद्धा. वरातीमागून घोडं म्हणतात ना, तसा मी आलो. मग इथल्या सैन्याने मला ठेवून घेतलं. मी बटाटे वाहिले, कोळसा वाहिला, खाटा वाहिल्या. त्याची कुणी कधी मिरवणूक काढत नाही.

१९५३च्या फेब्रुवारीत समुद्राने इथल्या झेलंड प्रांताचे बांध फोडले. क्लाइडाइक गावात घरांची फक्त छपरं दिसत होती. टेउन नावाचा एकवीस वर्षांचा शिपाई माझा ड्रायव्हर होता. लोक होड्यांतून बांधावर यायचे आणि आम्ही त्यांना उंचावरच्या शहरातल्या शाळेत पोचवायचो. फेऱ्यांवर फेऱ्या. पाणी माझ्या चाकांवरून वाहत होतं, पण मी बंद पडलो नाही. एवढा एक अभिमान मला आहे, तो राहू द्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन भावंडं चढली. हूब बारा वर्षांचा, नेल आठ वर्षांची. बाप आदल्या दिवशीच वाहून गेला होता. आई गोठ्याच्या छपरावर राहिली होती, कारण होडीत दोघांपुरतीच जागा होती. नेल चढल्या चढल्या भावाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. हूबने खिशातला चाकू काढला आणि माझ्या बाजूच्या फळीवर कोरायला लागला. टेउनने विचारलं, हे काय चाललंय रे? तर म्हणाला, आई याच गाडीतून येईल, तिला कळायला नको? वाटेत एवढे हिसके बसत होते, तरी त्याने पुरं केलं. ‘आई, आम्ही शाळेत. हूब, नेल.’

शाळेत त्याने नेलला मास्तरणीच्या हाती दिलं. मग माझ्या मागच्या फळीशी एक लोखंडी कडी आहे, तिला धरून तो पुन्हा वर चढला.

“आईला घेऊन येतो,” तो नेलला म्हणाला. “तू इथून हलू नकोस.”

बांधावर एक कोळी निघाला होता. त्याला घर दाखवायला हूब त्याच्या होडीत बसला. ती होडी परत आली नाही. आणि आई? तिला त्याच रात्री पलीकडच्या बाजूने दुसऱ्या होडीने उतरवून घेतलं होतं. सकाळी ती घोंगडी पांघरून माझ्यात बसली. तिची नजर फळीवर गेली. तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, आणि मित्रांनो, ती मोठ्याने हसली. शेजारच्या बायकांना सांगत सुटली, माझी दोन्ही पोरं शाळेत आहेत. टेउनला सगळं माहीत होतं. शाळा येईपर्यंत त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

पुढे मला बीटवाल्या शेतकऱ्याला विकलं. त्याच्याकडे कंबर मोडेपर्यंत राबलो. मग कोठाराच्या कोपऱ्यात उभा राहिलो ते राहिलोच. माझ्यात कोंबड्या अंडी घालायच्या. उपेक्षा म्हणतात ती हीच, पण खरं सांगू? कोंबड्यांनी माझं काही पुसलं नाही. फळी जागच्या जागी होती.

मग लेंडर्ट आला. जन्मभर गाळ काढणाऱ्या बोटींची इंजिनं दुरुस्त करून निवृत्त झालेला माणूस. त्याने मला घरामागच्या शेडमध्ये आणलं आणि पाच हिवाळे माझ्याशी झटला. त्याच्या हाताला मी नावं ठेवणार नाही. माझं इंजिन गंजून जाम झालं होतं. त्याने त्यात डिझेल ओतून सहा आठवडे वाट पाहिली, रोज दांडा घालून जरासं ढकलायचा, आणि एक दिवस ते फिरलं. त्या दिवशी तो रडला होता. त्याची बायको कोबी कॉफी घेऊन आली आणि म्हणाली, “माझ्या आजारपणात एवढा जवळ बसला असतास तर मी आठ दिवस आधी बरी झाले असते.”

त्याच्याकडे लष्कराचं एक जाडजूड पुस्तक होतं. कुठला बोल्ट कुठे, रंग कुठला, फळी किती बोटं रुंद, सगळं त्यात. गाडी मूळ रूपात आणायची, असा त्याचा हट्ट. पण मूळ रूपाचीही गंमत बघा. स्टिअरिंग जड लागतं म्हणून भंगारातल्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग बसवलं, हीटर बसवला, मिरवणुकीतल्या पाहुण्यांसाठी गाद्यांची बाकं केली. ते सगळं चाललं. चाललं नाही ते फक्त माझं आयुष्य.

तिसऱ्या हिवाळ्यात त्याने माझ्या फळ्या उचकटल्या. निम्म्या कुजल्या होत्या, हे खरं. कोबीने त्यातली एक उचलून बघितली.

“यावर काहीतरी लिहिलंय. बघ तरी.”

“युद्धातलं नाही गं ते,” लेंडर्ट मान वर न करता म्हणाला. “नंतरच्या कुणा टवाळ पोराने खरडलंय.”

शेडमध्ये शेगडी होती. फळ्या एकेक करून तिच्यात गेल्या. ती फळी एका मंगळवारी गेली. तिच्या उबेत बसून त्याने माझा गिअरबॉक्स जोडला. मी समोर उभा होतो. तोंड नसणं म्हणजे काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

हॉलंड नाझींच्या हातून सुटला त्या मुक्तिदिनाच्या मिरवणुकीआधी गावच्या वर्तमानपत्रात माझे दोन फोटो आले, आधीचा आणि नंतरचा. चार दिवसांनी एक म्हातारी शेडच्या दारात उभी राहिली. ऐंशीला टेकलेली, हातात कात्रण, ‘आधी’च्या फोटोभोवती पेनाने गोल केलेला. मी तिला ओळखलं नाही. तिने नाव सांगितलं, तेव्हा कळलं. नेल.

लेंडर्ट माझ्या मागच्या बाजूला रंगाचा शेवटचा हात मारत होता.

“तू बेकरीवाल्या याकोबचा मुलगा ना रे?” तिने विचारलं. “या फोटोत फळीवर माझ्या भावाचं नाव आहे. आई मरेपर्यंत त्या फळीबद्दल बोलायची. मी तेव्हा झोपले होते, मी ती पाहिलीच नाही. आमच्या घरातलं काहीच उरलं नाही, त्याचा एक फोटोसुद्धा नाही. मला नको ती फळी. एकदा हात लावून बघते नि जाते.”

लेंडर्टने ब्रश डब्यावर ठेवला. खोटं बोलला नाही, एवढं त्याच्या पदरात घालतो. जाळली, म्हणाला. कोबीने तिला खुर्ची दिली, पण ती बसली नाही. तिला आत बघायचं होतं, म्हणून दोघांनी धरून तिला माझ्यात चढवलं. ती नव्या कोऱ्या फळ्यांसमोर उभी राहिली. कुठे होतं, विचारलं. लेंडर्टने अंदाजाने बोट दाखवलं. बोट चुकीच्या फळीकडे होतं.

मग त्याला वाटलं, आपण काहीतरी चांगलं बोलावं.

“मावशी, फोटो मोठा करून मी ती अक्षरं तशीच्या तशी कोरून देतो. फरक ओळखता येणार नाही.”

तिने हातातल्या कात्रणाची घडी घातली.

“अक्षरं कोरशील बाबा,” ती म्हणाली. “हात कुणाचा आणशील?”

ती उतरायला वळली. तोल जाऊ नये म्हणून तिने चाचपडत हात पुढे केला, आणि तो नेमका त्या कडीवर पडला. मित्रांनो, सत्तरच्या वर वर्षं झाली होती त्या दुपारला. याच कडीला धरून तो चढला होता. माझ्यात त्याच्या हाताचं तेवढंच उरलं होतं, आणि ती ते धरून उभी होती. तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक असलेला मी एकटा, आणि मी मुका.

“तिथे नको, मावशी,” लेंडर्ट घाईने म्हणाला. “रंग ओला आहे.”

तिने हात चटकन काढला, वर माफीही मागितली. कोबीने चिंधीला टर्पेंटाइन लावून तिची बोटं पुसली.

दुसऱ्या सकाळी कडीवर चार बोटांचे ठसे वाळलेले होते. लेंडर्टने वाकून ते पाहिले. कोबी म्हणाली, राहू दे की. मिरवणुकीच्या परीक्षकांना दिसेल, असं पुटपुटत त्याने पॉलिश पेपर हातात घेतला.

मिरवणुकीत मला पहिलं बक्षीस मिळालं. लोक माझ्या ताऱ्याचे फोटो काढत होते. नेल आली नव्हती.

मित्रांनो, जुनी वस्तू हातात आली तर तिला जरूर जपा. पण तिला चकचकीत करायच्या आधी तिच्यावर काय लिहिलंय ते वाचा. वाचता आलं नाही, तर गावातल्या चार म्हाताऱ्यांना दाखवा, आणि त्यांच्या उत्तरासाठी थांबा. माझ्यासाठी कुणी थांबलं नाही. त्या कडीवर आता रंगाचे इतके थर आहेत, की धरायला गेलं तर हात निसटतो.