लाइट मीटर आणि नाकावचा चेहरा

मी एक जुना लाइट मीटर आहे, मित्रांनो. तळहाताएवढा. काचेमागे एक बारीक काटा. मला चेहऱ्यासमोर धरलं की मी उजेड मोजतो, मग कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते ठरतं. आणि खरं सांगू? मी जन्माचा भित्रा आहे.

ओसाकाच्या कारखान्यात बनलो, तैपेईत कॅमेरामन लियाओ उस्तादांच्या गळ्यात पडलो. वीस वर्षं पावडर थापलेल्या नायिकांचे गाल मोजले. "ह्याचा काटा खोटं बोलत नाही," उस्ताद सगळ्यांना सांगायचे. मी फुगायचो. पण आत धाकधूक. एकदा चुकलो की संपलं.

मग दिग्दर्शिका शेनबाईंनी सिनेमा कसा बनतो याचाच सिनेमा काढला. एक कॅमेरा गोष्ट टिपणार, दुसरा आम्हालाच टिपणार. तैवानच्या पूर्व किनाऱ्यावर, आमिस या आदिवासी लोकांच्या गावात. गोष्ट साधी, दोन बायका मासळी निवडतायत. एक तैपेईची नटी, पेइ-हुआ. दुसरी गावातली सावळी नाकाव, आमचे दिवे उचलणारी. "पडद्यावर तुमची माणसंही दिसली पाहिजेत," शेनबाई तिला म्हणाल्या. नाकावनं आईला सांगितलं, आईनं अख्ख्या गावाला.

उस्तादांनी मला पेइ-हुआच्या गालाशी नेलं. काटा टुणकन वर. झालं, काम सुरू! नाकावकडे मला नेलंच नाही. तिच्या चेहऱ्याला हा उजेड पुरणार नाही हे मला दिसत होतं, पण मी ओरडणार कसा?

आठ दिवसांनी शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावून रीळ दाखवलं. पेइ-हुआ चांदण्यासारखी. शेजारी एक काळं भोक, त्यात दात.

"अगं नाकाव, दात मात्र झकास आलेत!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग हसला. मग तिची म्हातारी आई पुढे आली, पडद्यावर हात फिरवत म्हणाली, "माझी पोर कुठंय? मेलेल्या माणसासारखं काय दाखवताय हे?"

हसू थांबलं. नाकाव स्वतःचा गाल चाचपत होती.

"मीटर बिघडलाय," उस्ताद पुटपुटले. बाहेर येऊन त्यांनी मला पट्ट्यानं धरून समुद्रावर उगारलं. खाली काळे खडक, लाटा. मित्रांनो, इतका मी कधीच घाबरलो नव्हतो!

"थांबा उस्ताद," नाकावनं त्यांचं मनगट धरलं. "दुसऱ्या कॅमेऱ्यात सगळं आलंय. तुम्ही माझ्याकडे आलाच नाहीत."

उस्तादांचा हात खाली आला. शेनबाईंनी मान खाली घातली. "माझंही लक्ष नव्हतं," त्या म्हणाल्या. "फिल्मचा एकच डबा उरलाय. पुन्हा घेऊ."

एकच डबा! हेही काळं आलं तर ती कायमची भोकच राहणार.

नाकावनं मला स्वतःच्या गालाशी धरलं. काटा खाली बसला.

"कॅमेऱ्याचं भिंग एवढं उघडलं तर पेइ-हुआ पांढरी फटक होईल," उस्ताद चिडले.

"मग हे घ्या," पेइ-हुआ म्हणाली, आणि बाहीनं खसाखसा पावडर पुसली. नाकावनं दिवा उचलून स्वतःच्या बाजूला आणला. उस्तादांनी मला हिच्याकडे नेलं, तिच्याकडे नेलं, पुन्हा हिच्याकडे.

रीळ तैपेईला धुवायला गेलं. पुढचे आठ दिवस मी पेटीत पडून होतो. चुकलो असेन तर?

पुन्हा शाळा, घोंगड्या. कुणी हसेना. आई पडद्याजवळ बसलेली. नाकाव दिसली. कपाळावरची आठी, डोळ्याखालची सूज, ओठाला चिकटलेला माशाचा खवला, सगळं.

आईनं पडद्यावरच्या त्या सुजेला बोट लावलं. मग रागावून वळली, "जेवली नव्हतीस ना गं त्या दिवशी?"

नाकाव रडायलाच लागली.

आता मला कुणी वापरत नाही. कपाटात असतो. टाकतील का, ही धास्ती रोजची. तेव्हा मित्रांनो, जुनी यंत्रं जपा. पण एखादा चेहरा काळा आला तर यंत्राला शिव्या देऊन मोकळे होऊ नका, आधी त्या माणसाजवळ जा. नाकाव उस्तादांपासून फक्त दोन पावलं लांब होती.