हळू, खिडकी उघडी आहे

सातवं गाणं
(सुरुवात इथूनच. पहिली सहा कुणी ऐकत नाही.)

आधी गिटार. मग एका बाईचा दबका आवाज: "हळू. खिडकी उघडी आहे." मग फाटकन काहीतरी. मग सगळा बँड.

एवढ्यावर 'पार्किंग' हा अल्बम चालला. शनिवार पेठेतल्या सरावाच्या खोलीतून बँड थेट दिल्ली, बंगळूर, गुवाहाटीच्या स्टेजवर गेला. बाईच्या वाक्याचे टी-शर्ट निघाले. कुकरची शिट्टी, मांजर, बॉसची केबिन, प्रत्येक रीलवर तेच वाक्य.

दुसरं

स्टुडिओत बँडमधल्या रोहननं त्या बाईच्या आवाजाची क्लिप मोबाइलवरून टाकली होती, नुसती जागा धरायला. नंतर कुणाकडून तरी बोलून घेऊ, असं ठरलं होतं. पण मिक्सिंगभर तीच ऐकून सगळ्यांच्या कानांना सवय लागली. नवी घेतली की खोटी वाटायची.

"ही बाई कोण रे?" निर्माता दिग्विजयनं विचारलं.

"नाटकातली आहे. ओळखीची."

"काय बोललीये! आणि नंतरचा तो आवाज?"

"टेबलावर हात मारला."

ड्रमर साईला तो आवाज इतका आवडला, की त्यानं अख्ख्या गाण्यात स्नेअर ड्रमऐवजी तोच वाजवला.

तिसरं, चौथं, पाचवं

वगळा.

सहावं

कोथरूड, सोसायटीचा जिना. शेजारच्या हेमाकाकू रोहनच्या आईला म्हणाल्या, "नंदाताई, तुमचा आवाज अगदी त्या गाण्यातल्या बाईसारखा आहे हो! म्हणून दाखवा ना एकदा."

हेमाकाकू हसत होत्या. मग नंदाताईंच्या चेहऱ्याकडे बघून हसायच्या थांबल्या.

लग्नापासून आजवर बिल्डिंगमध्ये कुणाला काही कळलं नव्हतं. नंदानं भाजीची पिशवी उचलली आणि वर गेली.

पुन्हा सातवं, गिटार नाही, ड्रम नाहीत

बाबा बाहेर गेलेले बघून रोहन आला.

"आई, बॅग भर. बाणेरला फ्लॅट घेतलाय."

"आत्ता गेले की सगळी बिल्डिंग म्हणेल, म्हणजे ती हीच."

"म्हणू दे."

"तुला सोपं आहे."

"बाबांनी ऐकलं?"

"ऐकलं की. टीव्हीवर. म्हणाले, पोरानं नाव काढलं."

ती मटार सोलत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "तू कुठे उभा होतास?"

"कधी?"

"हे घेताना."

"पॅसेजमध्ये."

"मोबाइल धरून."

"मला पुरावा हवा होता, आई. पोलिसांकडे जाणार होतो."

"गेलास?"

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं. होत नव्हती.

"तुझ्या खोलीत तू कानाला हेडफोन लावून बसायचास," आई म्हणाली. "मला वाटायचं, पोराला काही ऐकू येत नाही. तेवढ्यावर मी दिवस काढले रे."

"आई..."

"जा आता. ते येतील."

लिफ्टचं दार वाजलं. आई उठली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली. बाबा, सीतारामराव, चपला काढत दारातच थांबले. चेहरा खुलला.

"अरे वा, स्टार! आज गरिबाघरी कसे काय?"

स्वयंपाकघरातून कपबशांचा आवाज येत होता.

रोहन वाकला आणि सवयीनं त्यांच्या पाया पडला.