तिरक्या भोकाचं खरं माप

मी वाळूजच्या एका छोट्या वर्कशॉपमधला जुना संगणक आहे, मित्रांनो. पंखा घरघरतो, पडद्यावर डाग आहे. पण डोकं शाबूत आहे बरं का! नवा होतो तेव्हा मालक पाहुण्यांना मुद्दाम मला दाखवत. पुढं माझ्यावर धूळ साचली आणि कौतुकही आटलं.

मग ते दुष्काळाचं साल आलं. शहर चहूकडं वाढत होतं आणि गावागावांत टँकर फिरत होते. गंगापूरकडच्या ज्या विहिरीवर टँकर भरायचे, तिथल्या पंपाचं झाकण फुटलं. नवं ओतीव झाकण आमच्याकडं भोकं पाडायला आलं. एकच! ते बिघडलं तर दुसऱ्याला दहा दिवस लागणार, आणि तोवर सहा गावं कोरडी.

त्यातलंच एक गाव ज्ञानेश्वरीचं. तिला आमच्याकडं नोकरीला लागून महिनाच झाला होता. फुटक्या झाकणाची मापं घेऊन तिनं त्याचं चित्र माझ्यात उभं केलं, ते चित्रातच मधोमध सरळ कापून आतली बाजू दाखवली आणि खऱ्या मापात छापलेला कागद फोरमन अजिनाथकाकांना दिला. तिरक्या रेषेवरच्या भोकाचा आकडा टाकायला मात्र विसरली. आमच्याकडची रीत अशी, की आकडा नसला की कागदावर पट्टी लावायची. काकांनी लावली.

“मध्यापासून एकोणसत्तर मिलिमीटर भरतंय. चढवतो मशीनवर.”

“थांबा काका! ते भोक तिरकं हाय. सरळ बघितलं की जवळ दिसतं.”

“तीस वर्षं पट्टी लावतोय पोरी. लई शिकवू नको.”

ती माझ्यापुढं येऊन बसली. या वेळी तिनं चित्रात दोन काप घेतले. एक सरळ, दुसरा त्या भोकातून जाणारा. कलिंगडाची फोड काढताना दोन काप मध्यावर मिळतात ना, तसे. तिरका भाग फिरवून मी सरळ रेषेत मांडला आणि आकडा दाखवला. नव्वद!

काकांनी भंगारातून जुन्या झाकणाचा फुटका तुकडा आणून मोजला. नव्वदच.

“आयला! व्हय गं.”

काकांनी नव्वदवरच भोक पाडलं आणि झाकण विहिरीवर गेलं. तिसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरीच्या आईचा, मुक्ताबाईंचा फोन आला.

“टँकर आला गं, ज्ञानू! समद्यांचे हंडे भरले!”

काका फोनजवळ वाकले. “तुमच्या पोरीनं वाचवलं, ताई. मी तर झाकण वाया घालवणार होतो.”

ज्ञानेश्वरी ओढणीनं माझा पडदा पुसत राहिली. मला किती बरं वाटलं! मित्रांनो, जुन्या यंत्रांना पुसत जा, जपत जा. आणि चूक झाली, तर काकांसारखं मोठ्यानं सांगत जा.