कुलूप कुणाचं

किल्लीवाल्याला आयुष्यात भीती अशी फारशी ठाऊक नव्हती. लोकांची दुकानं, तिजोऱ्या, कपाटं उघडून देण्यात त्याची वीस वर्षं गेली आणि कुणी त्याच्याकडे संशयाने पाहिलं नाही. पण गेले पाच महिने ती त्याच्या घरात मुक्कामालाच होती. त्याचा सोळा वर्षांचा मुलगा, ज्याला सगळी गल्ली बारक्या म्हणायची, सुधारगृहात होता. दोन मोठ्या पोरांनी त्याला एका गोदामाशी नेलं, कुलूप उघडायला लावलं आणि आत शिरून राखणदाराच्या डोक्यात गज घातला. राखणदार दवाखान्यात पोचण्याआधीच गेला. बारक्या तेव्हा दाराशी उभा होता, पण कागदावर आरोप तिघांवरही खुनाचाच होता.

आता ठरायचं होतं ते एवढंच, की बारक्याचा खटला मुलांच्या कोर्टात चालणार की मोठ्यांच्या. मुलांच्या कोर्टात फार तर तीन वर्षं सुधारगृह. मोठ्यांच्या कोर्टात सगळं तारुण्य आत जाऊ शकतं, असं वकीलबाईंनी सांगितलं तेव्हा बारक्याची आई मटकन खाली बसली. कोर्टाचे एक साहेब चौकशीला येतील, बाई म्हणाल्या, पोराला मोठ्या माणसाइतकी समज होती का ते बघतील आणि तसा अहवाल देतील. तो अजून पोर आहे, हे त्यांना दिसलं पाहिजे.

आता हे दाखवायचं कसं? पोरकटपणाचं कौतुक त्या घरात आजवर कुणी केलंच नव्हतं. 'शहाणा आहे हो तुमचा' असं कुणी म्हटलं की बापाची छाती फुगायची, आणि सगळ्याच बापांची फुगते.

साहेब सकाळी अकराला दुकानात आले. दुकान कसलं, दोन्ही हात पसरले की भिंती लागाव्यात एवढी जागा. त्यात किल्ल्या कापायचं मशीन, कानशी आणि सगळ्यावर पितळेचा कीस. किल्लीवाल्याने स्टूल आपल्या सदऱ्यानेच पुसून दिलं. साहेब मवाळ बोलणारे होते, आणि तिथेच घात झाला. ते खेकसले असते तर हा गप्प तरी बसला असता. भीतीने काहींची दातखीळ बसते, याची जीभ सैल सुटली. पोरगा दहाव्या वर्षी मशीनवर बसला, बाराव्या वर्षी नुसत्या बोटांनी कुलपाच्या आतले खटके ओळखू लागला, मी आजारी होतो तेव्हा महिनाभर त्याने एकट्याने दुकान सांभाळलं, गिऱ्हाइकाशी कधी उलट बोलला नाही. एकेक गुण सांगताना त्याला वाटत होतं, आपण पोराला तुरुंगापासून हातभर दूर ओढतोय.

मग साहेबांनी विचारलं, बारक्या दुकानात एकटा असताना कुणी कुलूप उघडायला बोलावलं, तर तो तसाच जायचा का? किल्लीवाल्याला ते झोंबलं.

"साहेब, कुलूप कुणाचं हे विचारल्याशिवाय आम्ही हात लावत नाही. माझ्या बापाने मला शिकवलं, मी त्याला. नऊ वर्षांचा असल्यापासून पाठ आहे त्याला."

"म्हणजे दुसऱ्याचं कुलूप उघडणं म्हणजे काय, हे त्याला कळतं?"

"चांगलं कळतं. माझ्याइतकं."

साहेब बराच वेळ लिहीत राहिले. पाणी प्यायले, आभार मानले आणि गेले. किल्लीवाल्याने अर्धवट राहिलेली किल्ली मशीनला लावली, आणि तेव्हा कुठे आपलेच शब्द त्याच्या कानात शिरले. किल्ली वाया गेली, मग दुसरीही. दुपारी घरी जाऊन बायकोला सांगितलं, तर तिने तोंडावर हात ठेवला.

"'माझ्याइतकं' म्हणालात?" तिने विचारलं. पुढे दोघंही जेवली नाहीत.

चार दिवसांनी सुनावणी होती. ते चार दिवस जिन्यावर पाऊल वाजलं तरी दोघं दाराकडे बघायची. मनाशी किल्लीवाल्याने एक ठरवलं होतं, पण ते बायकोलाही सांगितलं नाही.

कोर्टाची खोली लहानशी होती. बारक्याला शिपायाने आणलं. पाच महिन्यांत पोर वीतभर वाढलं होतं, ओठावर मिसरूड दिसत होतं. एरवी बापाने थट्टा केली असती. आज ते मिसरूड पाहून त्याला घाम फुटला. न्यायाधीशांनी अहवाल वाचला आणि बापाला विचारलं, हे तुम्हीच सांगितलंत ना?

"नाही साहेब. मी बढाई मारली," किल्लीवाला मान खाली घालून म्हणाला. "तसं काही शिकवलं नाही मी. मीच कुणाचंही कुलूप उघडतो, विचारत नाही. मग पोराला कुठून कळणार?"

वीस वर्षांची अब्रू त्याने अशी चार वाक्यांत घालवली आणि त्याला तिचं काही वाटलं नाही. न्यायाधीशांनी चष्मा काढला.

तेवढ्यात बारक्या उभा राहिला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

"बाबा खोटं बोलतायत. ते प्रत्येकाला विचारतात. मलाही शिकवलंय. मीच नाही विचारलं."

वकीलबाई त्याची बाही ओढत होत्या. न्यायाधीशांनी विचारलं, का नाही विचारलं?

"ती मोठी पोरं म्हणाली, तुला हे जमणारच नाही. मग मी उघडून दाखवलं."

अहो, ऐका हे, हे पोराचंच बोलणं आहे, असं बापाला ओरडायचं होतं, पण तेवढ्यात न्यायाधीशांनी कारकुनाला खूण केली. न्यायाधीश कारकुनाला सावकाश मजकूर सांगू लागले. मुलाला चूक काय नि बरोबर काय याची पुरती जाण आहे. आपली चूक तो स्वतःहून, स्पष्ट शब्दांत मान्य करतो. सबब खटला मोठ्यांच्या कोर्टाकडे वर्ग करण्यात येत आहे. बारक्याची आई भिंतीला टेकली.

शिपाई यायच्या आत बारक्या बापाजवळ सरकला. त्याचा जीव हलका झाल्यासारखा दिसत होता.

"बाबा, मी खरं सांगितलं," तो हळूच म्हणाला. "आता घरी सोडतील ना?"

"सोडतील," बाप म्हणाला, आणि शिपायाने पोराचा दंड धरला.