कोराडीच्या चिमण्या मोजणारी दुर्बीण

मी दुर्बीण बोलतेय. कवडूजींच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळच्या खुर्चीत पडलेली असते ना, ती मीच. पाहुणे आले की चहाच्या आधी मला त्यांच्या हातात देतात. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या माझ्यातून मोजता येतात म्हणून सगळे खूश! मी मात्र रायफलीवर बसवायची दुर्बीण आहे. तीही छर्ऱ्याच्या हलक्या बंदुकीची, हे आधीच सांगून टाकते. लपवाछपवी या घरात पुरेशी झाली आहे.

मला कुणी प्रेमानं बिमानं घडवलं नाही. पातळ नळी, दोन्ही टोकांना काचा, आत एक बारीक फुली आणि ती फुली जागेवर धरणारी नखाएवढी स्प्रिंग. अंगावर मात्र 'चोवीस पट' असा सोनेरी आकडा. सीताबर्डीच्या एका दुकानात काचेच्या कपाटात बसून त्या आकड्यावरच मी गिऱ्हाइकं भुलवायची.

कवडूजी आले ते मुलीला, खुशीला घेऊन. खुशी शहराबाहेरच्या रेंजवर क्लबच्या मोठ्या रायफलीनं तीनशे मीटरवरचा नेम धरायची. राज्याच्या संघाची निवड दोन महिन्यांवर आली होती. रायफल क्लबची, पण दुर्बीण ज्याची त्यानं आणायची असा तिथला नियम. तिच्या वसंत सरांनी बजावून सांगितलं होतं, की ही रायफल लाथ मारते, तेव्हा कमी दाखवणारी चालेल पण धक्का सोसणारी घ्या. त्यांच्या मित्राकडे जुनी, सहा पटीची एक होती. तो ती माझ्याच किमतीत देणार होता.

"सहा पटीची?" कवडूजी दुकानातच हसले. "अवं, तेवढं तर माझा चष्मा दाखवते!"

"पण बाबा, सर म्हणत होते..."

"सर म्हणत होते! तीस वर्षं झाली, कोराडीत फिटर आहे मी. वस्तू पाहिली का समजते मले."

मग त्यांनी मला दुकानाच्या दारात नेऊन डोळ्याला लावलं आणि समोरून जाणाऱ्या मेट्रोतल्या एका माणसाच्या शर्टाच्या गुंड्या मोजल्या. झालं! धक्का सोसेल का, हे एकानंही विचारलं नाही. दुकानदार कशाला आपणहून सांगतोय?

पहिल्याच गोळीला मी मागे उसळले आणि माझी कड खुशीच्या उजव्या भुवईत घुसली. मोठ्या रायफलीच्या दुर्बिणीत डोळा चार बोटं लांब ठेवून बघतात. माझ्यात तो जवळजवळ चिकटवावा लागतो. तीन टाके पडले. पोरगी चौथ्या दिवशी पट्टी बांधून पुन्हा हजर!

विसाव्या गोळीला माझ्या आत टिक झालं. स्प्रिंग तुटली. तिथून पुढे प्रत्येक धक्क्याला माझी फुली केसभर सरकायची, कधी डावीकडे, कधी खाली. तीनशे मीटरवर केसभराचं हातभर होतं.

"बाबा, दुर्बीण हलून राहिली," खुशी म्हणाली.

कवडूजींनी मला रायफलीवरून काढलं, घरी आणलं आणि गच्चीवरून कोराडीकडे रोखलं. "ह्या पाह्य चिमण्या. जागच्या जागी आहे. दुर्बीण एकदम फर्स्ट क्लास! भुवई फुटली तेव्हापासून तू भिऊन राहिली. घोडा दाबताना हात हलते तुझा."

अहो कवडूजी, चिमणी लाथ मारते का? स्थिर धरलं की मी सरळच दिसते. तोच तर माझा खोटेपणा आहे. ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला तोंड कुठलं?

सगळ्यात वाईट म्हणजे खुशीला ते पटलं. हात स्थिर व्हावा म्हणून ती रोज अंगणात भरलेली कळशी हात ताठ करून धरायची. हात भरून येईपर्यंत धरायची. बाप कौतुकानं बघत उभा. मला दोघांचीही चीड यायची.

निवडीच्या दिवशी तिच्या पहिल्या दोन गोळ्या मधोमध लागल्या. पुढच्या आठ कुठल्या कुठे गेल्या. यादीत नाव आलं नाही. "माझ्यातच दम नाही, सर," म्हणत तिनं नेमबाजीचं जाकीट क्लबला परत केलं. पुन्हा ती रेंजवर गेली नाही.

आठवड्यानं कवडूजी मला घ्यायला रेंजवर गेले. वसंत सरांनी त्यांच्यासमोर रायफल वाळूच्या पोत्यांवर टेकवली आणि दर वेळी माझी फुली मधोमध आणून पाच गोळ्या झाडल्या. पाच भोकं, पाच जागी.

"पोरीचा हात पक्का होता, कवडूजी. तिले आजच सांगा," सर म्हणाले.

"हो, सांगतो ना," कवडूजी म्हणाले.

सर त्याच महिन्यात इंदूरला मुलाकडे राहायला गेले. त्याला आता चार वर्षं झाली. कवडूजींचा तो 'आज' अजून उजाडायचा आहे.

गेल्या रविवारी खुशी आली होती. कुहीला बँकेत नोकरी करते ती आता. गच्चीवर तिनं मला उचललं, सवयीनं डोळा जरा लांबच ठेवला आणि भुवईवरच्या खुणेवरून बोट फिरवलं.

"दुर्बीण चांगलीच होती, बाबा," ती म्हणाली. "माझाच हात कच्चा निघाला."

कवडूजींनी चिमण्यांकडे पाहिलं. मी वाट बघत होते. ते म्हणाले, "चहा घे वं. थंडा होऊन राहिला."

तुम्ही कधी या गच्चीवर आलात तर कृपा करा, मला डोळ्याला लावू नका. चिमण्या नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. त्यापेक्षा खाली जा, खुशी आलेली असेल तर तिला बाजूला बोलवा आणि सांगा, की पोरी, तुझा हात हलला नव्हता. हलली होती ती मी. आणि हे तुझ्या बापाला माहीत आहे.